सगळ्यांना करवतीचा दर

मॅट्रिक होऊन मी वर्षभर घरी बसले होते. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं बिऱ्हाड होतं आणि वडील शाळेत मास्तर होते. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, की अंबरनाथला मोरिवलीजवळ बॉबिनचा कारखाना आहे, तिथे बायकांच्या खात्यावर टाइमकीपर पाहिजे, आणि शेठना त्या जागी बाईच हवी आहे.

"कारखान्यात? मुलीला?" आई म्हणाली.

"हजेरी घ्यायची आहे, घण मारायचा नाहीये," वडील म्हणाले, आणि एवढ्यावर ते ठरलं.

बॉबिन म्हणजे सूतगिरणीत जिच्यावर सूत गुंडाळतात ती लाकडी नळी. आमच्याकडे लाकूड ओंडक्यांच्या रूपात यायचं आणि बॉबिन होऊन खोक्यांतून जायचं. कारखान्याच्या एका टोकाला करवतीची शेड होती, तिथे गोल करवतीवर ओंडके चिरत. मधल्या शेडमध्ये लेथवर बॉबिन कातत. त्यापलीकडे रोगणाची खोली, आणि अगदी दुसऱ्या टोकाला आमचं खातं. तिथे बायका जमिनीवर बसून बॉबिन निवडायच्या, भेगा पडलेल्या बाजूला काढायच्या आणि चांगल्या खोक्यात रचायच्या. बहुतेक जणी मोरिवलीच्या, काही आसपासच्या पाड्यांवरच्या. घरची भातशेती असलेल्या. लावणीच्या दिवसांत निम्म्या जागा रिकाम्या असत आणि माझ्या मस्टरवर फुल्याच फुल्या.

शेठ सिंधी होते. फाळणीत सगळं टाकून आलेले. तिकडे त्यांची लाकडाची मोठी वखार होती म्हणतात. इथे ते उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीत दोन खोल्यांत राहायचे. मराठी त्यांना कळायचं, बोलायला लागले की निम्मं हिंदी व्हायचं. रागावले तरी आवाज चढायचा नाही, फक्त डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवायचे. टोपी टेबलावर दिसली की माणसं बाहेरूनच परतायची.

ऑफिसात हेडक्लार्क होते. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त होऊन आलेले कल्याणचे गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचे. मला मस्टर आखायला, तारखांची उभी ओळ सरळ ठेवायला, चुकलेला आकडा न खोडता त्यावर एक बारीक रेघ मारून वर नवा लिहायला त्यांनीच शिकवलं. बेरीज जुळली की त्यांच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखं समाधान यायचं. ते माझ्याशी कडक वागत, पण डब्यातली लोणच्याची फोड आधी माझ्यापुढे करत.

मी लागल्याला सात-आठ महिने झाले असतील तेव्हा करवतीवर अपघात झाला. आमच्या खात्यात करवतीचा आवाज दिवसभर पाठीमागे असायचा, इतका की तो ऐकू येत नसे. त्या दिवशी तो एकदम थांबला. बायकांचे हात थांबले. मग कुणीतरी ओरडलं. करवतीवरच्या मिस्त्रींच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. ते मोरिवलीचेच, चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांना धोतराच्या फडक्यात हात गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा ते स्वतःच्या पायांनी चालत होते आणि म्हणत होते, "माझा हात सोड, मी चालतंय." शेठ त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले.

अशा अपघातांसाठी कारखान्याचा विमा होता. मुंबईच्या एका विमा कंपनीकडे शेठ दरवर्षी हप्ता भरायचे, आणि कामगाराला इजा झाली की कायद्याने द्यायची भरपाई कंपनी द्यायची. मिस्त्रींना ती मिळाली. दोन-अडीच महिन्यांनी ते परत आले तेव्हा शेठनी त्यांना फाटकावर बसवलं, पहिल्याच पगारावर. ते सगळं ठीक झालं असं आम्ही समजून चाललो.

पुढच्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला विमा कंपनीचं पत्र आलं. मी हजेरीचा गोषवारा द्यायला ऑफिसात गेले होते. टोपी टेबलावर होती. मी परत फिरणार तेवढ्यात शेठ म्हणाले, "आओ बेटी, तुमच्याच खात्याचं आहे."

पत्रात लिहिलं होतं, की आपल्या कारखान्यातलं काम अतिधोक्याचं आहे, गेल्या वर्षी अपघातही झाला आहे, तेव्हा नवीन वर्षासाठी दर वाढवावा लागेल. जुनाच हप्ता शेठना जड होता. हा तर भरणंच कठीण होतं.

"हप्ता माणसांच्या पगारावर लागतो," शेठ म्हणाले. "माणसं कमी, पगार कमी, हप्ता कमी. पॅकिंग मी कॅम्पात घरोघरी ठेक्यावर देतो. बायकांना एप्रिलपासून बंद."

मी गोषवारा ठेवला आणि खात्यात परत आले. माझ्याकडे बावीस बायका होत्या. दाराशी बसणारी एक मोठी मावशी होती, गोऱ्या कपाळावर हिरवं गोंदण, सगळ्या तिचं ऐकायच्या. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं गो बाय? मालक वरडले?"

"नाही मावशी," मी म्हटलं. खोटं बोलले असं नाही, पण खरंही सांगितलं नाही.

घरी जाईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. अतिधोक्याचं काम. बावीस बायका चटईवर बसून लाकडी नळ्या निवडतात, त्यात अतिधोक्याचं काय? फार तर कुसळ बोटात जाईल. जेवताना वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पत्र झालं. पण पॉलिसी कुणी वाचली आहे का? शाळेच्या इमारतीचा आगीचा विमा आहे, त्यात गेल्या वर्षी कौलांच्या जागी गवताचं छप्पर लिहिलेलं सापडलं. कारकून मागच्या वर्षीचंच उतरवून काढतात."

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे पॉलिसी मागितली.

"ती तुम्हाला कशाला हवी?" ते म्हणाले. "इंग्रजी कायद्याची भाषा आहे. मला समजायला वेळ लागतो, तुम्ही तर..." वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं.

शेठ आतून ऐकत होते. "दे दो ना, काका. वाचून फाटणार आहे का?"

काकांनी कपाट उघडून कागदांची गुंडाळी माझ्या हातात ठेवली. ती मी घरी नेली आणि तीन दिवस वडील आणि मी कंदील लावायच्या आधी, उजेड असेपर्यंत ओटीवर बसून शब्दकोश घेऊन वाचली. वडिलांना मजा वाटत होती. एखाद्या अवघड उताऱ्याचा अन्वय लावावा तसं ते वाक्य तोडून दाखवायचे, कर्ता कुठे, क्रियापद कुठे. तिसऱ्या दिवशी मागच्या पानावर एक तक्ता सापडला. त्यात कामगारांचा प्रकार, त्यांचा वर्षाचा एकूण पगार आणि दर असे रकाने होते. बऱ्याच ओळींना जागा होती, पण भरलेली ओळ एकच. यंत्रावर लाकूड चिरणारे कामगार. आणि पुढे सबंध कारखान्याचा पगार.

म्हणजे विमा कंपनीच्या हिशेबी आमच्या कारखान्यातला प्रत्येक माणूस करवतीवर उभा होता. मावशी करवतीवर, रोगणवाला करवतीवर, फाटकावरचा पहारेकरी करवतीवर. मी हजेरी घेत होते तीही करवतीवरूनच.

"आता उगाच ओरडत जाऊ नकोस," वडील म्हणाले. "कोण काय काम करतं ते आधी स्वतः बघ. कागदावरून नाही, डोळ्यांनी. मग बोल."

मी आठवडाभर तेच केलं. एक वही घेतली आणि रोज दुपारच्या सुट्टीआधी आणि नंतर सगळ्या शेडमधून फिरले. करवतीशी कोण उभं आहे, लेथवर कोण, नुसतं ओझं वाहणारे कोण, रोगणात कोण. माणसांना आधी वाटलं मी कुणाची तरी चहाडी करायला निघाले आहे. लेथवरचा एक खरादी मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता बायका आमच्यावर नजर ठेवणार!" फाटकावरच्या मिस्त्रींनी मात्र एकदा मला थांबवलं आणि विचारलं, "काय लिवता?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बराबर हाय. करवत येगली, बाकीचा काम येगला. मना इचारा, मी सांगतो कोन कवा तिकरं जातो ते." त्यांच्याइतकी ती शेड कुणालाच माहीत नव्हती. खराद्यांपैकी दोघे आठवड्यातून दोन दिवस करवतीवर मदतीला जातात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मस्टरवर ते पूर्णवेळ खरादी होते.

आणखी एक गोष्ट कळली, ती मला नको होती. आमच्या खात्यातल्या दोघी रोज काम सुटायच्या वेळी करवतीच्या शेडमधून ढलप्या गोळा करून आणायच्या. चुलीला जळण. करवत चालू असली तरी तिच्या बाजूला वाकून वेचायच्या. त्यांच्यात एक होती मावशीची सून.

मी मावशीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, हप्त्याचं, बंद करण्याचं, सगळं. "कुणी बाई करवतीजवळ जात नाही असं मला लिहायचंय," मी म्हटलं. "पण तुझी सून जाते."

"मंग नाय जाते असा लिव ना," मावशी म्हणाली.

"आणि उद्या तिचा हात गेला तर? कंपनी म्हणेल, तुम्हीच लिहून दिलंय की बाई तिथे नव्हती. मग ती एक पैसा देणार नाही."

तिने ओठ मुडपले. मग उठली, पदर खोचला आणि सुनेला हाक मारून सगळ्यांसमोर बजावलं, "आजपासून तिकरं पाय टाकलास त बघ. ढलप्या दारात आनून टाकतील त घे, नायतर चूल पेटवू नुको." फाटकावरच्या मिस्त्रींनी करवतीवरच्या माणसांना सांगून त्याच दिवसापासून ढलप्यांची पाटी शेडच्या बाहेर आणून ठेवण्याची सोय केली. मी चार दिवस पाहून खात्री केली, मगच वहीत लिहिलं.

आता पगाराचा आकडा खात्यांप्रमाणे वेगळा काढायचा होता. पगारपत्रकं काकांकडे होती. ती चाळताना दुसरी चूक दिसली. विमा कंपनीला कळवलेल्या पगारात ऑफिसचाही पगार होता. काकांचा, माझा, शेठच्या मेहुण्याचा. कारकुनीचं काम करणारे या कायद्यात कामगार धरतच नाहीत, हे आम्ही पॉलिसीतच वाचलं होतं. म्हणजे ज्यांना भरपाई कधी मिळणारच नव्हती, त्यांच्यासाठीही करवतीच्या दराने हप्ता जात होता. हे कसं झालं ते उघड होतं. काकांना एकच एकूण आकडा आवडायचा. वर्षाची बेरीज एकदा जुळली, की तीच सगळीकडे जायची.

मी हे सांगितलं तेव्हा काका हसले सुद्धा. "म्हणजे मी इतकी वर्षं ओंडके चिरतोय म्हणायचं," ते म्हणाले. पण त्यांच्या कपाळाला आठी होती.

तिसरी चूक मला त्याच दुपारी सापडली. अपघाताच्या फाइलीत मिस्त्रींच्या भरपाईचा कागद होता. भरपाई महिन्याच्या पगारावर ठरते. कागदावर लिहिलेला पगार मला कमी वाटला. पगारपत्रकाशी ताडून पाहिला. काकांनी फक्त मूळ पगार कळवला होता. महागाई भत्ता धरलाच नव्हता, आणि त्या दिवसांत महागाई भत्ता मूळ पगाराच्या जवळपास जायचा. हप्ता भरताना कंपनीला कळवलेल्या आकड्यात मात्र भत्ता होता. म्हणजे शेठनी पूर्ण पगारावर हप्ता भरला, आणि मिस्त्रींना दोन बोटांची भरपाई जेमतेम अर्ध्या पगारावर मिळाली. अक्षर काकांचं होतं. सुंदर, उभं, कुठेही खाडाखोड नाही.

मी फाइल बंद केली. कुणाला सांगू कळेना. शेठना सांगितलं तर काकांची अब्रू जाणार. नाही सांगितलं तर फाटकातून जाता-येता मिस्त्रींच्या डोळ्याला डोळा कसा देऊ? मी घरी आले. आईने विचारलं, बरं नाही का? वडिलांना मी सगळं सांगितलं.

ते बराच वेळ पानाचा डबा उघडझाप करत बसले. "चूक ज्याची, त्याला आधी सांगावं," ते म्हणाले. "एकटं गाठून. माणूस चांगला असेल तर पुढचं तोच करेल."

"आणि नसेल तर?"

"तर मग शेठकडे जा. पण आधी त्याला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात काका आणि मी दोघंच होतो. त्यांनी डबा उघडला आणि लोणचं माझ्यापुढे सरकवलं. मी ते घेतलं नाही. दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, "काका, माझं चुकत असेल तर सांगा."

त्यांनी चष्मा लावला. एक कागद वाचला, दुसरा वाचला, पुन्हा पहिला. मग चष्मा काढला. "रेल्वेत असल्या फॉर्मवर मूळ पगारच लिहायचो आम्ही," ते हळूच म्हणाले. "तिकडे वरचं कुणी दुसरं भरायचं." एवढंच. डबा झाकला, न जेवता उठले आणि बाहेर जाऊन फाटकाकडे तोंड करून उभे राहिले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मस्टर टेबलावर ठेवलं की न बघता सही करायचे. मला वाटलं, मी एक माणूस गमावला. मी रडलेसुद्धा, आमच्या खात्यामागे भुशाच्या ढिगाजवळ. मावशीने पाहिलं असावं, पण विचारलं नाही. फक्त संध्याकाळी घरून आणलेली मूठभर सुकी करंदी कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकली. आम्ही घरी मासळी खात नव्हतो हे तिला ठाऊक नव्हतं. मला मात्र ती पुडी परत द्यायचं मन झालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तेव्हा काका माझ्याही आधी येऊन बसले होते. टेबलावर नवीन कागद होते. त्यांनी रात्रीत नव्हे, दोन्ही दिवस दुपारी जेवणाची वेळ मोडून सगळं लिहून काढलं होतं. कारखान्याची खातेवार यादी माझ्या वहीवरून, प्रत्येक खात्याचा पगार वेगळा, कारकून वगळलेले, ते दोन खरादी करवतीच्या माणसांत धरलेले. आणि स्वतंत्र एक पत्र, मिस्त्रींचा पगार आमच्याकडून चुकीचा कळवला गेला, खरा पगार हा, सोबत बारा महिन्यांची पगारपत्रकं. खाली त्यांची सही.

"वाचा आणि चूक काढा," ते म्हणाले.

मी वाचलं. चूक नव्हती.

"मग चला." मला बरोबर घेऊन ते शेठच्या खोलीत गेले. शेठपुढे उभे राहून त्यांनी सगळं स्वतः सांगितलं, माझं काय आणि त्यांचं काय ते अगदी वेगळं करून. शेठनी टोपीला हात घातला. त्यांनी टोपी नुसती नीट बसवली आणि म्हणाले, "काका, मी तिकडून आलो तेव्हा माझ्या वखारीचा हिशेब लिहून द्यायला सांगितलं सरकारने. मी चार खोल्या विसरलो. आदमी भूलता है. ये भेज दो, आजच."

पत्र गेलं. आठवड्याभराने विमा कंपनीचे एक साहेब मुंबईहून पाहणीला आले. मराठीच होते, उंच, पांढरा कोट, हातात माझ्यासारखीच एक वही. त्यांना वाटलं होतं शेठ हप्ता वाचवायला काहीतरी रचतायत, हे त्यांच्या प्रश्नांवरून समजत होतं. ते न सांगता थेट आमच्या खात्यात आले आणि मावशीसमोर उभे राहिले.

"आजी, तुम्ही करवतीवर कधी जाता?"

"मी?" मावशी म्हणाली. "माज्या नवऱ्यानं कवा कोयता धरू दिला नाय, आनि करवत देतील व्हय?" सगळ्या हसल्या. साहेबही हसले. मग त्यांनी तिच्या सुनेला विचारलं, ढलप्या कुठून घेतेस? तिने बोट दाखवलं. पाटी शेडच्या बाहेर, भिंतीला टेकून होती. त्यांनी जाऊन पाहिली आणि वहीत लिहिलं.

करवतीच्या शेडमध्ये ते बराच वेळ होते. ते दोन खरादी करवतीच्या यादीत आमच्याकडून आपणहून आलेले पाहून त्यांचा आवाज बदलला. "हे तुम्ही लपवलं असतंत तर मला कळलं नसतं," ते काकांना म्हणाले.

"म्हणूनच लिहिलं," काका म्हणाले.

ऑफिसात चहा झाला. दरांचं साहेबांना पटलं. प्रत्येक खात्याला त्याचा दर लागेल, बायकांच्या कामाला सगळ्यात कमी, आणि गेल्या वर्षाचं जास्तीचं वळतं करून देऊ असं ते म्हणाले. पण मिस्त्रींच्या गोष्टीला ते अडले. प्रकरण मिटलं आहे, भरपाई मिळाली आहे, भरपाईचा करार सरकारदरबारी नोंदवलेला आहे, आता ते कसं उकरायचं?

शेठ खुर्चीत पुढे झाले. "साहेब, हप्ता घेताना तुम्ही महागाई धरली. हात गेला तेव्हा महागाई नाही धरली. ये कौनसा हिसाब है, साईं? घ्यायची एक फूटपट्टी आणि द्यायची दुसरी?"

"पगार तुमच्याकडूनच चुकीचा आला होता, शेठजी."

"आमच्याकडून आला," काका म्हणाले. "माझ्याकडून. मी तसं लिहून दिलं आहे. लागलं तर मुंबईला येऊन भरपाईच्या कमिशनरसमोर सांगेन."

साहेबांनी काकांकडे बघितलं. माझी खात्री आहे, इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासमोर असं कुणी बोललं नसेल. "यायची गरज पडू नये," ते म्हणाले. "मी लिहितो."

गरज पडली. काका आणि मिस्त्री दोघं एके दिवशी मुंबईला गेले. काकांनी इस्त्रीचा कोट घातला होता, मिस्त्रींनी लग्नातला फेटा. परत आले तेव्हा कमिशनरांच्या कचेरीत काय झालं ते दोघांनीही धड सांगितलं नाही. काका म्हणाले, कचेरीतला पंखा फार हळू फिरतो. मिस्त्री म्हणाले, काकांनी भजी खाऊ घातली. महिन्याभरात उरलेली भरपाई आली. मिस्त्रींनी तिच्यातून दोन म्हशी घेतल्या आणि त्यांच्या बायकोने कारखान्याच्या चहाचं दूध सुरू केलं. त्या दुधाला एवढी साय यायची की चहावाला कुरकुरायचा.

बायकांना बंद करायचा विषय परत निघाला नाही. एप्रिलमध्ये त्या आल्या, खाली बसल्या आणि कामाला लागल्या. बहुतेकींना आपण जाणार होतो हे कधी कळलंच नाही. मावशीला ठाऊक होतं, पण तिने ते पोटात ठेवलं.

मग राहिलं करवतीचं झाकण. साहेब जाताना सांगून गेले होते, की करवतीवर लोखंडी झाकण बसवलंत तर पुढच्या वर्षी दराचा विचार करू. शेठनी कल्याणहून झाकण करून आणलं. ते बसवलं त्या दिवशी करवतीवरची माणसं वैतागली, लाकूड दिसत नाही, हात अडतो. दुसऱ्या दिवशी झाकण वर बांधून ठेवलेलं दिसलं. शेठ काही बोलायच्या आत फाटकावरचे मिस्त्री शेडमध्ये गेले. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी करवत बंद करायला लावली, झाकण खाली घेतलं, उरलेल्या तीन बोटांनी धरून ओंडक्याची उंची मापली आणि म्हणाले, "ह्यो चार बोटं वर पायजे. आनि हितं फट पायजे, रेघ दिसाला." लोहाराने तसं करून दिलं. मग ते झाकण कुणी वर बांधलं नाही. मिस्त्री पुढे रोज सकाळी फाटक उघडून झाल्यावर एकदा शेडमध्ये चक्कर मारायचे, झाकण हलवून बघायचे, आणि परत येऊन आपल्या स्टुलावर बसायचे. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षापासून दर मार्चमध्ये कारखान्यातून वही घेऊन फिरणं हे माझं काम झालं. कुणाचं काम बदललं, कोण कुठे सरकलं, नवीन यंत्र आलं का. आता लेथवरचे मला बघून टोमणे मारत नसत, उलट आपणहून सांगत, "ताई, मी आता रोगणात आहे, लिहा." पुढच्या मार्चच्या यादीवर काकांनी सही करताना कागद अर्धवट माझ्याकडे वळवला. 'तयार करणार' असं जिथे छापलं होतं तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे तुमची सही. पूर्ण नाव लिहा, आणि शाई वाळू द्या."

मी पूर्ण नाव लिहिलं. ते अक्षर काकांसारखं उभं आलं नाही, थोडं उजवीकडे झुकलं. काकांनी त्यावर टीपकागद दाबला आणि लिफाफ्यावर पत्ता घालायला घेतला. मी उठले, कारण चारची घंटा झाली होती आणि बायकांची खोकी मोजायची राहिली होती.